अधिकाऱ्याची अब्रू आणि सरकारची फिर्याद

सरकारी कामाच्या संदर्भात एखाद्या अधिकाऱ्याची बदनामी झाली, तर दुखावतो कोण? तो गृहस्थ, की त्याला नेमणारे सरकार? परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांपैकी अनेकांना हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही. आपल्या कायद्याने त्याचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले आहे.

१८८१ च्या जानेवारीत निघालेली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे अजून बाल्यावस्थेत होती, तोच त्यांनी कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लेखणी उचलली. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला आहे, असा आरोप होता. आणि त्याला आधार होता बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी फौजदारी फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक व आगरकर यांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर पडले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले.

कायद्याच्या दृष्टीने या खटल्यातील एक गोष्ट फार बोलकी आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९९ च्या पहिल्या अपवादाप्रमाणे, विधान खरे असून लोकहितासाठी केलेले असेल तर गुन्हा होत नाही. मात्र ते खरे असल्याचे दाखविण्याचा भार आरोपीच्याच शिरावर असतो. संपादकांचे कागद खोटे ठरले आणि महाराजांना कसे वागविले जाते हा मूळ प्रश्न मागे पडला. पुढे दीड वर्षाच्या आत, २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा अंत झाला.

तथापि बर्व्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फिर्यादी म्हणून ते स्वतःच्या नावाने उभे राहिले होते.

स्वराज्यात, १९५५ साली, ही रीत पालटली. फौजदारी प्रक्रिया संहितेत १९८-ब हे कलम घालण्यात आले. १९७३ च्या संहितेत तेच १९९ झाले. राज्यपाल, मंत्री किंवा कोणताही सरकारी नोकर यांची पदाच्या कामाविषयी बदनामी झाली, तर सरकारी वकिलाने थेट सत्र न्यायालयात फिर्याद करावी. मुदत सहा महिन्यांची. त्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि ती ज्या राज्याच्या कारभारात अधिकारी नेमला आहे त्या राज्याची. पश्चिम बंगालच्या कारभारातील मराठी अधिकाऱ्याने अर्थातच मुंबईकडे पाहून उपयोग नाही.

ही सोय अधिकाऱ्याला मोहात पाडणारी आहे. वकील सरकारचा, खर्च सरकारचा! संपादकाला मात्र दरेक तारखेची पदरमोड. तामिळनाडूत राज्य सरकारने संपादकांवर अशा फिर्यादी इतक्या सढळ हाताने केल्या की मे २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी काही रद्द करताना सरकारचे कान उपटले. सरकारी वकील म्हणजे टपाल कचेरी नव्हे. खुद्द राज्याची बदनामी आणि माणसाची बदनामी यांत भेद आहे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच राज्यातील एका प्रकरणात, १९९४ साली, सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी दाव्यांपुरते ठरवून दिले होते की अधिकृत कामावरील टीकेबद्दल अधिकाऱ्याला नुकसानभरपाई मागता येणार नाही. विधान खोटे असून सत्यासत्याची बेपर्वाई दाखवून केले असेल, तरच मागता येईल. फौजदारी कलम मात्र २०१६ साली त्याच न्यायालयाने वैध ठरविले.

बर्व्यांची वाट बुजलेली नाही. कलम १९९ च्याच सहाव्या पोटकलमात अधिकाऱ्याचा स्वतःच्या नावाने दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याचा हक्क राखून ठेवला होता, आणि माझ्या मते अब्रूदार माणसाला तोच मार्ग शोभतो. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलल्या. गुन्हा कलम ३५६ मध्ये गेला, प्रक्रिया कलम २२२ मध्ये, आणि दोन वर्षांपर्यंतची साधी कैद वा दंड यांच्या जोडीला समाजसेवेची शिक्षा आली. फिर्यादीच्या दोन्ही वाटा जशाच्या तशा आहेत.