म्हशीचा हंगाम आणि मुंबईचं दूध

तत्त्वज्ञानाच्या माणसांना म्हशीच्या विणीशी काय देणंघेणं, असं आज काही श्रोत्यांना वाटेल. पण मुंबईच्या दुधाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा आम्हाला दिसलं, की शहराला दूध बारा महिने सारखं लागतं आणि म्हैस काही बारा महिने सारखी वीत नाही, या एका अडचणीभोवती तो बराचसा फिरतो.

का वीत नाही, ते आधी पाहू. दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येतात. गाभणकाळ साधारण दहा महिने दहा दिवस. त्यामुळे बऱ्याच म्हशी पावसाळ्यापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत वितात आणि थंडीत दुधाचा पूर येतो. उन्हाळ्यात, दही-ताक जास्त लागतं नेमकं तेव्हा, दूध कमी. वर्षाला एक वेत हवं, तर व्यायल्यापासून दोनेक महिन्यांत म्हैस पुन्हा फळली पाहिजे. थंडीतले माज हुकले, की उन्हाळ्यात माज मुका होतो. मग पुष्कळदा पुढच्या हंगामापर्यंत थांबणं आलं. मधले महिने भाकड जनावर पोसायचं.

मग मुंबईच्या तबेल्यांतून बारमाही दूध कसं निघत होतं? तबेलेवाल्यांनी हे गणित गोठ्यात सोडवलंच नाही, ते बाजारावर सोपवलं! ताजी व्यालेली म्हैस बाहेरून विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची, आणि आटली की पुष्कळदा कसायाकडे. शहरातली जागा, विकतची वैरण. तिथं भाकड म्हैस परवडत नसे. रेडकाची आबाळ ठरलेलीच, कारण ते पिईल तेवढं दूध कमी. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. त्यावर 'फुंका' नावाचा अघोरी उपाय चाले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याविरुद्ध स्वतंत्र कलम आहे, यावरून काय ते समजा. आमच्या वर्गात साध्य आणि साधन यांवर तासन्‌तास चर्चा व्हायची. हे त्याचं रोकडं उदाहरण. आणि तबेल्यासाठी निवडली जाई ती चांगली दुधाळ म्हैस. म्हणजे जिची पुढची वेतं व्हायला हवी होती, तीच संपायची. तबेलेवाला दुष्ट होता असं आम्ही म्हणत नाही. त्याचा हिशेब बरोबर होता, म्हणून तर गोष्ट गंभीर.

1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली, शहरातल्या म्हशी तिकडे गेल्या. स्वच्छता आली, हवा आली. पण भाकड म्हशीला कोण पोसणार, हा प्रश्न नुसती जागा बदलून कसा सुटणार?

मुंबईच्या दुधाचं दुसरं टोक गुजरातेत, खेडा जिल्ह्यात. तिथून 1945 पासून सरकारी योजनेत दूध येऊ लागलं. 1946 मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी संघ झाला. इथली म्हैस शेतकऱ्याच्या दारात राहते. भाकड झाली तरी शेतातल्या कडब्यावर जगते आणि पुन्हा विते. इथं अडचण उलटी आली. थंडीतलं सगळं दूध मुंबई घेईना. जास्तीच्या दुधाचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं बाहेरचे तज्ज्ञ सांगत होते. दलाया यांनी ती करून दाखवली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी आणंदच्या कारखान्याचं नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि थंडीतलं दूध उन्हाळ्यासाठी राखता येऊ लागलं. या कारखान्याचं कौतुक आपण तंत्रज्ञान म्हणून करतो. आमच्या मते त्याचं खरं काम वेगळं होतं: हंगामाचा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसत होता, तो सगळ्यांत वाटला गेला.

अर्थात, पावडरीने दुधाचा हंगाम सरकला, म्हशीचा नाही. गावोगाव कृत्रिम रेतन आलं, माज जुळवून आणणारी इंजेक्शनं आली, तरी म्हशीचा माज बहुधा रात्री-पहाटे येतो आणि गाईसारखी ती गाजावाजा करत नाही. तो ओळखते पहाटे शेण काढणारी घरातली बाई. ही नोंद तिच्याकडे असते, आणि दुधाचं पासबुक मात्र पुष्कळ घरांत अजून नवऱ्याच्या नावावर.