हसऱ्या प्रेमाची चौकट

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर ही नाटककार वसंत कानेटकर यांची जन्मभूमी. त्यांचे 'प्रेमा तुझा रंग कसा' हे नाटक १९६१ चे. प्राध्यापकाच्या घरात मुलांच्या प्रेमप्रकरणांनी उडणारी धांदल पाहून पांढरपेशा प्रेक्षक पोट धरून हसला. त्याच सुमारास अमेरिकेतही असे खुसखुशीत प्रणयपट निघत होते. 'पिलो टॉक' (१९५९) हा त्यांतला गाजलेला. नायक आणि नायिका आपापल्या घरी टबात पहुडलेले. पडदा मधोमध विभागलेला. भिंतीला टेकलेली दोघांची पावले जणू एकमेकांना भिडलेली! नियमावली कडक होती, म्हणून ही युक्ती.

'डाऊन विथ लव्ह' (२००३) या चित्रपटाने त्या परंपरेला मानवंदना दिली. कथा १९६२ च्या न्यूयॉर्कमधली. तोच विभागलेला पडदा आता अधिक धीटपणे वापरलेला. प्रेम झुगारा, नोकरीत वर चढा, असे स्त्रियांना सांगणारी लेखिका ही नायिका. पुरुषी वर्चस्वाची थट्टा चांगलीच जमली आहे. मात्र प्रमुख पात्रे सारी गोरी. त्या काळात अनेक राज्यांत काळ्या-गोऱ्यांचे लग्न हा गुन्हाच होता. 'पिलो टॉक' आला त्याच वर्षी व्हर्जिनियात अशा एका जोडप्याला शिक्षा झाली. तुरुंग टाळायचा तर २५ वर्षे राज्याबाहेर राहा, असा हुकूम झाला. आडनाव काय, तर लव्हिंग! तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केला.

आपल्याकडे कायदा आधी बदलला. आंतरजातीय हिंदू विवाहांना १९४९ च्या कायद्याने वैधता दिली. लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय सांगितला होता. गावगाड्याने ना कायदा मानला ना उपाय. दलित स्त्रीपुरुषांचा शृंगार आणि विनोद मात्र त्याला हवा होता, तो तमाशाच्या बोर्डावर. गवळणीतली मावशी, सोंगाड्याची द्व्यर्थी बतावणी यांवर पाटीलही खिदळला. पुढे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्याने तो बाज शहरी नाट्यगृहात नेला आणि तिथे त्याला प्रतिष्ठा मिळाली. फडावर राबणारीच्या वाट्याला ती क्वचितच आली. प्रेमाची गंमत दिवाणखान्याची, देहाची गंमत फडाची, अशी ही वाटणी होती.

नागराज मंजुळे यांनी 'सैराट' (२०१६) मध्ये तो हसरा प्रणय पारधी मुलाच्या हाती दिला. विहिरीतल्या उड्या, चिठ्ठ्या, मित्रांची मस्करी यांत पूर्वार्धभर थिएटर हसते. शेवटी पडद्यावर उरतात लहान लेकराच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे.