बहिष्कार आणि बहुमान

चोरी व खून यांस बहुतेक सर्व समाजांनी अपराधच मानिले आहे. परंतु ज्यास आपण ‘अनाचार’ म्हणतो, अशी पुष्कळ कृत्ये समाज स्वतः ठरवीत असतो. आणि काळ पालटला म्हणजे तोच समाज आपला निवाडा फिरवितो. याचे ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात सापडते.

विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. सरकारदरबारी त्या विवाहात दोष उरला नव्हता. तथापि १८९३ च्या मार्च महिन्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या विधुर कर्व्यांनी, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी पुण्यात विवाह केला, तेव्हा त्यांच्या कोकणातील मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांनी गावाच्या हितासाठी ‘मुरूड फंड’ काढण्यात पुढाकार घेतला होता, त्यांनाच घरात थारा दिल्यास आप्तांवरही बहिष्कार पडावयाचा होता! याच विधुराने एखाद्या कुमारिकेचे पाणिग्रहण केले असते, तर गावाने आनंदाने अक्षता टाकल्या असत्या.

बहिष्काराचे बळ कशात असे? पंक्तीस पान नाही, कार्यास भटजी नाही, मुलीस स्थळ नाही, या तिहेरी धाकात. ज्याच्या घरी उपवर कन्या असे, तो मनातून अनुकूल असला तरी मौन धरी. आणि अशा अनेकांच्या मौनालाच समाजाचे मत म्हणून गणले जाई.

पुढे कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, राष्ट्राने त्यांस ‘भारतरत्न’ अर्पण केले. विवाह तोच होता. पाहणारी दृष्टी तेवढी बदलली.

आता तर निवाडा पुरता उलटला आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यान्वये सामाजिक बहिष्कार घालणे हाच गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. काल जे न्यायासनावर होते, ते आज आरोपीच्या पिंजऱ्यात आले!

ज्ञातिबंधूंनो, हा अधिकार एके काळी आपल्यासारख्या ज्ञातींच्याच हाती होता. उद्या आपल्यापैकी कोणाच्या मुलाने वा मुलीने रूढीबाहेर पाऊल टाकिले, तर निवाडा देण्यापूर्वी मुरूडच्या त्या बहिष्काराचे स्मरण करावे, एवढीच विनंती.