एक नाव, दोन ससे
सोनागिरीतल्या आमच्या घरी दोन नर ससे आले आणि आठवड्यात एकमेकांच्या केसांचे झुपके उपटू लागले. भेलमधून निवृत्त झालेले बाबा म्हणाले, "ससा तर गरीब प्राणी!"

घोळ नावातच आहे. आपल्या गोष्टींतला ससा माळावरचा, एकटा, बीळ न खणणारा, गुणसूत्रं 48. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, गुणसूत्रं 44. रोमनांनी त्याला कुंपणात कोंडलं, पुढे युरोपात तो हळूहळू माणसाळला. पण बिळातल्या कळपाची सवय सुटली नाही. कळप आला की हद्द आली, मानपान आला.

म्हणून आमच्या दोघांना खच्ची केलं, काही आठवडे जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं. मग कुणाचीच हद्द नसलेल्या गच्चीवर रोज संध्याकाळी थोडा वेळ सोडलं. आता मेथी एकाच ताटलीत.