आवाज येतोय का? : 2020 च्या गणपतीत आपली मंडळं ‘लाइव्ह’ झाली त्याची गोष्ट

मंडळी, महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना दुरून कार्यक्रम ऐकण्याची सवय जुनीच. बडोदे आणि हैदराबाद संस्थानांत तर स्वतःची रेडिओ केंद्रं होती. आमच्या इंदूरला आकाशवाणी आली 1955 मध्ये. पण माइक, मिक्सर, ट्रान्समीटर हे सगळं केंद्रातल्या लोकांनी सांभाळायचं, आपण घरी बसून फक्त बटण फिरवायचं. 2020 मध्ये मात्र ते केंद्र चालवायची वेळ आपल्याच पोरांवर आली.

25 मार्चला लॉकडाउन सुरू झाला, त्या दिवशी गुढीपाडवा होता. चैत्रातली कीर्तनं गेली, व्याख्यानमाला गेल्या. 22 ऑगस्टला गणेश चतुर्थी येणार, तेव्हा मंडळाने ठरवलं की आरती आणि रोजचा कार्यक्रम यूट्यूबवर दाखवायचा.

मोबाइल होताच की हातात, मग कंप्युटर कशाला? तर तेव्हा यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला 1,000 सब्स्क्रायबर लागायचे. कंप्युटरला ही अट नव्हती. म्हणून घरोघरचे जुने लॅपटॉप बाहेर निघाले. त्यातही चॅनलचं लाइव्ह पहिल्यांदा चालू व्हायला 24 तास लागू शकतात, हे पुष्कळ मंडळांना ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री कळलं!

प्रक्षेपणासाठी बहुतेकांनी ओबीएस घेतलं, 2012 पासूनचं फुकट सॉफ्टवेअर. ते चित्र यूट्यूबपर्यंत पोचवतं आरटीएमपी नावाच्या वाटेने, आणि ही वाट मुळात फ्लॅशसाठी बांधलेली. गंमत बघा, 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार कायमचा बंद झाला, पण त्याच वर्षी त्याच्या जुन्या वाटेने आपल्या आरत्या गेल्या.

पहिली अडचण काळ्या पडद्याची. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ओबीएस एका चिपवर चाले आणि स्क्रीन दुसरीवर. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’वर टाकलं की स्क्रीन दिसायची. दुसरी अडचण अटकत चालण्याची. सगळे म्हणत, आमचं नेट तर फास्ट आहे, सिनेमा मस्त चालतो. पण सिनेमा आत येतो, आरती बाहेर जाते. बघायचा तो अपलोडचा वेग. ओबीएसच्या खालच्या पट्टीत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत असतील तर नेटचा दोष, ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ आलं तर लॅपटॉपचा. चित्र 720 वर आणा, बिटरेट 2,500 च्या आसपास ठेवा आणि वायफाय सोडून राउटरपासून केबल ओढा. आमची केबल देवघरातून खिडकीबाहेर काढून जिन्याने खाली आणली होती.

पण खरा कस लागला तो आवाजात. चित्र खराब झालं तर आपले लोक चालवून घेतात, आवाज गेला की उठून जातात. गाणारा एक, माइक एक, तो साउंड कार्डच्या पहिल्या भोकात. मग आवाज फक्त डाव्या कानात. ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मोनो’वर एक खूण केली की तो दोन्हीकडे येतो. लॅपटॉपच्या चार्जरमुळे मिक्सरच्या लाइनीत घूंऽऽ यायची. म्हणून बॅटरी भरून ठेवायची आणि कार्यक्रमात चार्जर काढायचा. कॅमेऱ्याचं चित्र मागे राहायचं आणि टाळीचा आवाज आधी, तेव्हा ‘सिंक ऑफसेट’मध्ये आवाजाला थोडं थांबवायचं. दुसऱ्या घरून झूमवर गाणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. झूमला तंबोरा म्हणजे पंख्याची घरघर वाटे, ते तो पुसून टाकी! ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावरच षड्ज ऐकू आला.

कमेंटमध्ये काकू लिहायच्या, “अहो, आवाज येत नाहीये.” ते वाचून घाईने काही फिरवायचं नाही, हा नियम आम्ही लवकर केला. प्रक्षेपण बरेच सेकंद मागे चालतं. काकूंची तक्रार वाचेपर्यंत आवाज कदाचित परत आलेला असतो. त्यापेक्षा शेजारच्या घरात एक माणूस हेडफोन लावून बसवावा, फोनवर त्यानेच काय ते सांगावं. आणि गाजलेल्या कॅसेटवरची आरती लावू नये. कॉपीराइटचा दावा येतो, कधी व्हिडिओच अडतो. आपल्याच गळ्याने म्हणावी, बेसूर झाली तरी.

2021 च्या दुसऱ्या लाटेत आमच्या मंडळातले दोन ज्येष्ठ गायक गेले. त्यांतल्या एकांचं शेवटचं गाणं आहे ते पहिल्या दिवशीच्या, डाव्या कानातल्या रेकॉर्डिंगमध्ये. त्यांच्या नातवाने ती फाइल उतरवून घेतली, डावी बाजू उजवीकडे कॉपी केली, आणि आता आजी दोन्ही कानांनी ऐकते. तुमच्याही मंडळाचे 2020 चे व्हिडिओ कुठल्यातरी चॅनलवर पडले असतील. पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला आजच फोन करा, आणि तुमच्या गावात पहिलं लाइव्ह कुणी लावलं ते खाली लिहा.