अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा दुसरा स्तर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास बहुधा बलाढ्य विद्यापीठांच्या अंगाने लिहिला जातो. मात्र विजेता मैदानावरच ठरविण्याची पद्धत त्यांच्या खालच्या स्तराने कितीतरी आधी स्वीकारली. प्रस्तुत लेखात या स्तराच्या वाटचालीचा विचार केला आहे.

स्तररचना व बाद फेरी
राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९७३ मध्ये सभासद संस्थांचे तीन विभाग पाडले. १९७८ मध्ये फुटबॉलपुरती पहिल्या विभागाची ‘वन-ए’ व ‘वन-डबल-ए’ अशी फोड झाली. वरच्या स्तरात हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या ‘बाऊल’ सामन्यांना उत्पन्न व परंपरा यांचे पाठबळ होते. त्यामुळे तेथील विजेता क्रीडापत्रकार व प्रशिक्षक यांच्या मतदानाने ठरत राहिला. खालच्या स्तरात त्याच वर्षी चार संघांची बाद फेरी सुरू झाली. १९८६ मध्ये ही संख्या १६, तर २०१३ मध्ये २४ झाली. वरच्या स्तराने चार संघांची बाद फेरी २०१४ मध्ये स्वीकारली आणि २०२४ मध्ये ती १२ संघांपर्यंत वाढविली. २००६ मध्ये झालेल्या नामांतरातही हा भेद उमटला : वरच्या स्तराच्या नावात ‘बाऊल’, तर खालच्याच्या नावात ‘चॅम्पियनशिप’ हा शब्द आला.

सहभागाचा प्रश्न
१९७८ च्या अंतिम सामन्यात टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाने मॅसॅच्युसेट्सचा ३५-२८ असा पराभव केला. १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या या संस्थेनंतर तशा परंपरेच्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेस हे विजेतेपद मिळालेले नाही. दक्षिणेतील श्वेतवर्णीय विद्यापीठांची दारे उघडल्यावर गुणी कृष्णवर्णीय खेळाडू अधिक साधनसंपन्न संस्थांकडे वळले, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय. २०१५ पासून कृष्णवर्णीय परंपरेच्या संस्थांच्या दोन प्रमुख संघगटांचे विजेते बाद फेरीऐवजी अटलांटा येथील ‘सेलिब्रेशन बाऊल’मध्ये परस्परांशी खेळतात. याउलट, १९८२ पासून या स्तरात असूनही बाद फेरीपासून दूर राहिलेल्या हार्वर्ड, येल आदी आठ ‘आयव्ही लीग’ विद्यापीठांनी २०२५ च्या हंगामापासून तीत उतरण्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये घेतला.

समारोप
बाद फेरीने मतदानातील पक्षपातास वाव ठेवला नाही. परंतु खेळाडू व पैसा यांची विषम वाटणी दूर करणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. नियम सर्वांना सारखे असले तरी संधी सारखी असतेच असे नाही, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.