पुरावा-संश्लेषण, आरोग्यसंशोधनातील

एखाद्या रोगाविषयी वा उपचाराविषयी निरनिराळ्या ठिकाणी झालेली संशोधने शोधून, पारखून व एकत्र मांडून त्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या पद्धतींना पुरावा-संश्लेषण म्हणतात. एकाच उपायाचा गुण एका गावी मोठा, दुसऱ्या गावी अल्प व तिसऱ्या गावी मुळीच दिसत नाही. अशा वेळी कोणत्या आकड्यावर विसंबून माणसांच्या जीविताचा निर्णय घ्यावा, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न होय.

महाराष्ट्रात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेल्या प्लेगच्या साथीत. वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील सुमारे निम्म्या बंद्यांना टोचली. पुढे १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावी कुटुंबागणिक काहींना टोचून व काहींना वगळून तुलना करण्यात आली. तेथे टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले; न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. तुरुंगात व लहान खेड्यात माणसे मोजता येत. शहरांत मात्र लोक घरे सोडून पळत असल्याने टोचलेले किती व न टोचलेले किती, याचाच नीट हिशेब लागत नसे.

या सर्व परस्परविसंगत आकड्यांची छाननी टी. आर्. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने केली. आयोगाने साक्षी नोंदविल्या, ठिकठिकाणच्या नोंदी मागविल्या आणि लसीने रोगाचे प्रमाण व मृत्यू घटतात, पण तिचे संरक्षण पूर्ण नसते, असा निर्वाळा दिला. लसीच्या मात्रेचे प्रमाणीकरण सदोष असल्याचेही त्याने नोंदविले. आजच्या अर्थाने ही सुव्यवस्थित समीक्षा नव्हे. तथापि अनुकूल व प्रतिकूल असा सर्व पुरावा एकत्र तोलण्याची तिची भूमिका तीच होती. आयोगाचे एक सदस्य ॲल्म्रॉथ राइट (१८६१–१९४७) यांच्या विषमज्वरावरील लसीवर लवकरच अशीच पाळी आली, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. कार्ल पिअर्सन (१८५७–१९३६) यांनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिका व भारत येथील ब्रिटिश सैनिकांचे आकडे गटागटाने तपासून त्यांची सरासरी काढली. गटागटांतील तफावत पाहून त्यांनी एकाआड एक स्वयंसेवकास लस टोचून प्रयोग करावा, अशी सूचना केली. राइट यांना हे रुचले नाही. पिअर्सन यांचे हे काम वैद्यकातील एकत्रित सांख्यिकीय विश्लेषणाचा आरंभ मानले जाते. त्यास ‘मेटा-ॲनॅलिसिस’ हे नाव मात्र जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले.

प्रकार : सर्वांत जुना प्रकार वर्णनात्मक आढाव्याचा. यात तज्ज्ञ आपल्या माहितीतील संशोधने निवडून विषयाचे विवेचन करतो. असे लेखन वाचनीय असते, परंतु मताला सोयीचे तेवढे निवडले जाण्याचा धोका त्यात राहतो. सुव्यवस्थित समीक्षेत प्रश्न, शोधाची रीत व निवडीचे निकष आधीच ठरवून जाहीर करतात. शक्यतो दोन व्यक्ती स्वतंत्रपणे निवड करतात आणि प्रत्येक संशोधनातील पूर्वग्रहदोष तपासतात. निष्कर्ष जुळण्याजोगे असल्यास मोठ्या व काटेकोर अभ्यासांना अधिक भार देऊन मेटा-ॲनॅलिसिसने एकच अंदाज काढता येतो. आर्ची कॉक्रन (१९०९–८८) यांनी १९७२ मधील आपल्या ग्रंथात उपचारांच्या परिणामकारकतेचा आग्रह धरला. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या समीक्षांना शिस्त आणली. व्याप्ती-समीक्षा, त्वरित समीक्षा, समीक्षांची समीक्षा व मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासांचे संश्लेषण हे नंतर रूढ झालेले प्रकार होत. यांपैकी कोणताही प्रकार अप्रकाशित राहिलेल्या प्रतिकूल निष्कर्षांची उणीव पूर्णतः भरून काढू शकत नाही.

गडचिरोलीचा पुरावा : अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात बालकांच्या न्यूमोनियावर गावातील कार्यकर्ते व दाया यांच्यामार्फत उपचार करण्याचा प्रयोग केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील बालकांत न्यूमोनियाचे मृत्यू दर हजारी ८.१ होते; तुलनेच्या गावांत ते १७.५ होते. हा परिणाम एका जिल्ह्यापुरता की सार्वत्रिक, हे एकट्या प्रयोगावरून सांगता येत नव्हते. निरनिराळ्या देशांतील अशा चाचण्या एकत्र करून सुनील सझावल व रॉबर्ट ब्लॅक यांनी २००३ मध्ये काढलेल्या अंदाजात चार वर्षांपर्यंतच्या बालकांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी घटलेले आढळले.

घरी जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेण्याच्या गडचिरोलीतील प्रयोगात (१९९५–९८) नवजात मृत्यू तुलनेने सु. ६२ टक्क्यांनी घटले. दक्षिण आशियातील पाच चाचण्यांच्या २०१० मधील समीक्षेत ही घट ३८ टक्के भरली. आकडा लहान झाला, पण धोरणास आधार म्हणून तोच अधिक भरवशाचा. भारतात २०११ पासून आशा कार्यकर्तीने प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत सहा वा सात गृहभेटी देण्याची योजना लागू झाली. मराठवाड्यातील हिंगोली (जिल्हा स्थापना १९९९) या कयाधू नदीकाठच्या, हळद व सोयाबीन पिकविणाऱ्या जिल्ह्यातही ती पोहोचली. तेथे संश्लेषणाचा अखेरचा व अवघड प्रश्न उरतो. गडचिरोलीत कार्यकर्तीस कसून प्रशिक्षण मिळाले होते, तिच्या कामावर सतत देखरेख होती आणि जंतुदोषावरील इंजेक्शनही तीच देत असे. राष्ट्रीय योजनेत इंजेक्शनाचे काम परिचारिकेकडे आहे. उपायाचे नाव तेच राहून त्यातील घटक बदलले, तर सरासरीचा आकडा औंढा नागनाथ वा सेनगाव तालुक्यातील खेड्यास जसाच्या तसा लावता येत नाही. तेथील जन्म-मृत्यूच्या नोंदींशी तो पडताळून पाहावा लागतो.